वेणी कुणी घातली?

९ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

लेकीकडे राहायला येऊन आठवडा झाला, तुझं पत्र नाही, म्हणून मीच लिहायला बसले. फोनच्या भानगडीत पडू नकोस. परवा लेकीने माझ्या कानाला फोन लावून दिला. पलीकडून कोण काय बोलतंय ते कळेना, मी आपली प्रत्येक वाक्याला "हो हो, नक्की या" म्हणत राहिले. आता तिच्या सासरची चार माणसं खरंच मुक्कामाला येणार आहेत. लेक माझ्याशी धड बोलत नाहीये. इतकी वर्षं दुकानात कानाशी ड्रायर घोंघावत ठेवले, त्याचं हे फळ. तेव्हा तुझ्यामाझ्यात पत्रच बरं. तू आडवी पडून, पाटीवर कागद लावून, झेपेल तेवढंच लिही.

अपंगत्वाच्या भत्त्याचं काही कळलं का? माझं सगळं लक्ष तिकडे आहे. तपासणीच्या दिवशी मी बाहेर बाकावर बसले होते. आत काय झालं ते तू बसमध्ये सांगत होतीस, पण इंजिनाच्या आवाजात मला निम्मंही समजलं नाही. मी नुसती मान हलवली. डॉक्टर माणूस तरी बरा होता का?

त्या सकाळचं मला राहून राहून आठवतं. आपल्याच दुकानात, आपल्याच खुर्चीत तुला बसवलं. किती गुंता झाला होता केसांचा! तो सोडवून टाळूपासून खजुरी वेणी घातली, तेव्हा तू म्हणालीस, "मिरचे, मी काय लग्नाला चाललेय?" मी म्हटलं, केस कापणारीच झिपऱ्या सोडून गेली तर दुकानाची अब्रू काय राहील? तू हसलीस, आणि हसता हसता मान धरलीस. मी आरशात पाहिलं आणि पुढची बट घेतली.

दादा असता तर तुझ्याबरोबर आत गेला असता. तो नाही, म्हणून लिही मला सगळं.

तुझी,
मिरची


२ मार्च

प्रिय मिरची,

नामंजूर.

एवढंच लिहून पाकीट बंद करणार होते, पण तू मग स्टँडवरून पहिली बस पकडशील, म्हणून पुढे लिहिते. उशीर झाला कारण हे तुकड्या-तुकड्याने चाललंय. चार ओळी झाल्या की मानेतून करंट निघतो तो उजव्या खांद्यावरून थेट करंगळीपर्यंत. मग पेन ठेवायचं आणि छताकडे बघत पडायचं. छतावरचा ओलीचा डाग मला आता तोंडपाठ झालाय.

भत्ता देणाऱ्या मंडळाने लिहिलंय, "अर्जदाराची वेदनेची तक्रार उपलब्ध पुराव्याशी सुसंगत नाही." आपल्या डॉक्टरांनी इतकी वर्षं लिहून ठेवलं, इंजेक्शनं दिली, गोळ्या बदलून पाहिल्या, त्या सगळ्यावर एकच ओळ आहे: "सदर मत रुग्णाच्या सांगण्यावर आधारित आहे." मग कुणाच्या सांगण्यावर असायला हवं? खालच्या किराणावाल्याच्या? दुखतं मला, तर सांगणार मीच ना! एक्स-रेत फारसं काही दिसत नाही, म्हणून दुखत नाही. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

तपासणीच्या डॉक्टरने काय लिहिलं म्हणून विचारशील, तर नेहमीचंच. सांगण्यासारखं काही नाही.

आता काय होणार ते तुला माहीत आहे. भत्ता मिळाला तर दुकानामागच्या या दोन खोल्या माझ्याकडे राहतात. नाही मिळाला तर वर्षअखेरीस घरमालकाच्या हातात किल्ली द्यायची आणि माझ्या भावाकडे जायचं. भाऊ चांगला आहे, भावजयही वाईट नाही. शिलाई मशीनच्या खोलीत गादी टाकेल, आणि रोज सकाळी दारातून विचारेल, "आज बरं वाटतंय ना ताई?" आणि रोज मला हो म्हणावं लागेल. मिरचे, मला दुसऱ्याच्या घरात बरं वाटून घ्यायचं नाहीये. माझ्या घरात, माझ्या दाराआड, दुखायचं तेवढं दुखू दे.

म्हणून कोर्टात जातेय. कुरळ्या केसांची वकीलबाई आठवते? दर वेळी "थोडेच कापा हं" म्हणायची आणि थोडे कापले की रुसायची. तिने केस घेतली आहे. ती म्हणते, मला दुखतं की नाही हे कोर्ट बघणार नाही. मंडळाने नीट विचार करून नाही म्हटलं का, एवढंच बघणार.

तुझी,
वहिनी


२० मार्च

प्रिय वहिनी,

"सांगण्यासारखं काही नाही" म्हणजे काय? मी काय तुझ्या दुकानात नवी लागलेली पोरगी आहे? काहीतरी झालंय आत आणि तू ते माझ्यापासून लपवते आहेस.

मी सांगते काय झालं असेल. डॉक्टरने विचारलं असेल, "कसं वाटतंय?" आणि तू आपली गिऱ्हाइकाला बोलतेस तशी हसून म्हणाली असशील, "ठीक आहे." आयुष्यभर हसतमुख राहिलीस, त्याने घात केला. दुखतंय ते तोंडावर दिसू दे ना! कोर्टात जाशील तेव्हा तरी साध्या कपड्यांत जा, केस विंचरू नकोस, पाय ओढत चाल, कण्ह जरा. ते लोक नाटकच बघायला बसलेत तर दाखव त्यांना नाटक.

आणि रागावू नकोस, पण विचारते. माझ्या नातीच्या वाढदिवसाला तू तिला कडेवर घेऊन अंगणभर हिंडत होतीस. फोटो आहे माझ्याकडे. तेव्हा कसं जमलं? मला ठाऊक आहे तुला दुखतं. पण असले फोटो लोकांच्या हाती पडले तर लोक काय म्हणतील, याचा विचार करायला हवा की नाही?

तुझी,
मिरची


२८ मार्च

मिरची,

तू मंडळात नोकरीला कधी लागलीस?

नातीला कडेवर घेतलं, कारण ती माझ्याकडे हात पसरून आली. घेतलं, हिंडवलं, फोटोत हसले. मग तुम्ही सगळे जेवायला बसलात तेव्हा मी आतल्या खोलीत जमिनीवर पालथी पडून दातात ओढणी धरली होती. पुढचे दोन दिवस डोकं उशीवरून उचलता आलं नाही. तू दारावर थाप मारलीस, मी म्हटलं, "झोप लागतेय गं." तुला ते खरं वाटलं. त्याचा फोटो कुणी काढला नाही.

कण्हायला सांगतेस? मला खरोखर दुखतं, मिरचे. खऱ्या दुखण्याचं खोटं नाटक मी का करू? दुखणाऱ्याने हसायचं नाही, नातीला घ्यायचं नाही, केस विंचरायचे नाहीत, असं कुठे लिहिलंय? दुखणं मला झालंय, मी दुखण्याची झालेले नाही.

पुढे लिहिवत नाही.

वहिनी


१६ जून

वहिनी,

अडीच महिने तू पत्र नाही लिहिलंस. मीही हट्टाने नाही लिहिलं. आज लिहितेय कारण तुझ्या वकीलबाईचं पत्र आलंय.

ती विचारते, "तपासणीच्या दिवशी अर्जदाराची वेणी आपण घातली होती का? तसं लिहून द्याल का?" सोबत मंडळाच्या निकालातला तो उतारा जोडलाय. "अर्जदार नीटनेटकी होती. केसांची कौशल्यपूर्ण वेणी घातलेली होती. यावरून दोन्ही हात डोक्यामागे नेऊन दीर्घकाळ बारीक काम करण्याची क्षमता दिसून येते."

माझी वेणी! मी घातलेली! माझ्या बोटांची कमाल बघून त्या गाढवाने तुझे हात धडधाकट ठरवले! अगं, मागे दोन डोळे असल्याशिवाय कुणाला स्वतःच्या टाळूवर इतका सरळ भांग पाडता येतो का? बाहेर बाकावर मी बसले होते, ढळढळीत, मांडीवर पिशवी घेऊन, पिशवीतून कंगवा डोकावत होता. दार उघडून एकदा विचारायचं तरी!

आणि तू! मार्चपासून तुला हे माहीत होतं. मी तुला काय काय बोलले, तूच तिथे हसली असशील म्हणाले, फोटोवरून टोचलं, आणि तू सगळं ऐकून घेतलंस पण हे नाही सांगितलंस. का? मी काय काचेची आहे? वकीलबाई लिहिते, तू तिला माझा पत्तासुद्धा द्यायला तयार नव्हतीस, तिने दुकानातल्या जुन्या वहीतून लेकीचा पत्ता शोधला. मला तुझा इतका राग आलाय की काल मी जावयावर उगाच खेकसले. तो बिचारा पाण्याची बाटली भरत होता.

मी लिहून दिलंय. मोठ्या अक्षरात. खाली सही केली आणि सहीखाली लिहिलं, "विचारायला हवं होतं."

वाढदिवसाचं जे बोलले ते मागे घेते. फोटो फाडला नाही, कारण तू त्यात छान दिसतेस.

मिरची


११ ऑगस्ट

प्रिय मिरची,

आधी तुझ्या "का"चं उत्तर. त्या सकाळी कितीतरी महिन्यांनी कुणीतरी माझ्या डोक्याला मायेने हात लावला होता. तू गुंता काढत होतीस आणि मी डोळे मिटून बसले होते. दुखत होतं तरी उठू नये वाटत होतं. त्यावर त्या लोकांनी आपला शिक्का मारला. तुला कळलं असतं तर तू पुन्हा माझ्या केसांना हात लावला नसतास. म्हणून नाही सांगितलं. आता चिड काय चिडायचं ते.

आता कोर्टाचं. खोली आपल्या दुकानापेक्षा थोडीच मोठी, खुर्च्या मात्र मानेला टेकू नसलेल्या. न्यायाधीश वयस्कर होते, शांत बोलणारे. मंडळाचा वकील तरुण, बूट चकचकीत. त्याने तो वेणीचा उतारा वाचून दाखवला, अगदी खणखणीत आवाजात. न्यायाधीशांनी विचारलं, "डॉक्टरांनी हात वर करायला सांगितला होता का?" तो म्हणाला, "होय. अर्जदाराने खांद्याच्या वर नेला नाही. डॉक्टरांच्या मते सहकार्याचा अभाव." न्यायाधीश म्हणाले, "म्हणजे डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर हात वर गेला नाही. तो जातो, हे तुम्ही वेणीवरून ठरवलंत." "होय." "वेणी कुणी घातली, हे विचारलं होतं?"

त्याने कागद उलटे केले, सुलटे केले. शेवटी म्हणाला, "तशी नोंद दिसत नाही."

वकीलबाई तुझं पत्र घेऊन ताडकन उठली. न्यायाधीश म्हणाले, "जे मंडळापुढे नव्हतं ते मला वाचता येत नाही, बसा." आणि मी तिथेच बसले होते, मिरचे! मागच्या बाकावर, त्यांच्या समोर. वेणीचा एवढा खल चालला होता आणि ज्या डोक्यावर ती होती ते डोकं तिथेच होतं. मला विचारायची कुणाला मुभा नव्हती आणि मला बोलायची नव्हती. असं वाटलं, उठावं आणि बाक त्यांच्या अंगावर लोटावा. बाक लोटण्याइतका हात असता तर इथे आलेच कशाला असते!

निकाल काल आला. मंडळाचा निर्णय रद्द. आपल्या डॉक्टरांचं म्हणणं का मानलं नाही याची कारणं नाहीत, आणि वेणीवरून काढलेला अर्थ चौकशीशिवाय काढलाय, असं स्पष्ट लिहिलंय. म्हणून प्रकरण परत मंडळाकडे. नवा डॉक्टर, नवी तपासणी. वकीलबाईने माझा हात हातात घेतला, उजवाच, आणि "जिंकलो" म्हणून जोरजोरात हलवला. डोळ्यांत पाणी आलं, तिला वाटलं आनंदाने.

जिंकले म्हणे! त्याच दारात पुन्हा जाऊन उभं राहायचं, हे बक्षीस. घरमालकाने परवा दुकानाचं माप घ्यायला माणूस पाठवला होता. भाऊ फोनवर म्हणाला, "ताई, केसच काढून टाक ना सगळे, कटकट नको." वकीलबाईसुद्धा म्हणते, या वेळी साधंच जा, विंचरलं नाही तरी चालेल. सगळ्यांशी भांडून थकले. नोव्हेंबरमध्ये तारीख आहे. जाईन तशीच, झिपऱ्या सोडून. तुझंच ऐकेन.

तुझी,
वहिनी


१९ ऑगस्ट

प्रिय वहिनी,

माझं ऐकायचं नाही. मार्चमध्ये मी जे काही बरळले ते मूर्खपणाचं होतं. झिपऱ्या सोडून तू कुठेही जाणार नाहीस. केसांना कात्री लावलीस तर याद राख, आणि तुझ्या त्या भावाला सांग, आधी स्वतःचे काढ.

मी येतेय. तारखेच्या आदल्या संध्याकाळी पोहोचते. सकाळी दुकानात बसवणार नाही तुला, विंचरणारही नाही. जशी उठशील तशी चल. कंगवा आणि पिना माझ्या पिशवीत असतील. काय करायचं ते मी ठरवलंय, आणि तू नाही म्हणालीस तरी मला ऐकू येणार नाही.

तुझी,
मिरची


१४ डिसेंबर

प्रिय मिरची,

परतीच्या बसमध्ये तू सारखी विचारत होतीस, "काय म्हणाली डॉक्टरीण? काय म्हणाली?" मी तुझ्या कानात ओरडले तर पुढचे सगळे वळून बघायला लागले. दुसऱ्या दिवशी तुला पहिली गाडी होती आणि मला तर डोकंच उचलवत नव्हतं. लिहून कळवते म्हटलं होतं. इतके दिवस मान वळली नाही, म्हणून आज.

दारातली नर्स तुला "नातेवाइकांनी बाहेर थांबायचं" असं म्हणाली होती. तुला ऐकू आलं नाही की ऐकायचं नव्हतं ते तुझं तुलाच ठाऊक. तू सरळ आत शिरलीस, मला स्टुलावर बसवलंस, पिशवी डॉक्टरणीच्या टेबलावर आपटलीस आणि माझे केस सोडलेस.

ती म्हणाली, "हे काय चाललंय?" मी म्हटलं, "मागच्या वेळी तुम्ही माझी वेणी तपासलीत. या वेळी घालतानाच बघा." ती म्हणाली, "मागच्या वेळी मी नव्हते." मी म्हटलं, "वेणी घालणारी मीही नव्हते, तरी माझ्या नावावर लिहिलीत." ती म्हणाली, "बाहेर रांग आहे, इतका वेळ नाही." तेव्हा माझा आवाज चढला. तुला वाटलं मी तुला काहीतरी सांगतेय, म्हणून तू माझ्या डोक्यावर थोपटलंस. मी तिला म्हणत होते, "तुमच्या वेळेचं मला सांगू नका. विचारायला एक वाक्य लागलं असतं, ते वाचवलंत आणि माझं अख्खं वर्ष खाल्लंत. आता बसा."

आणि ती बसली. पेन खाली ठेवलं आणि बघायला लागली.

मग तू उजव्या कानामागची बट घ्यायला माझं डोकं जरा कलवलंस, आणि मी ओरडले. आजवर कुणासमोर ओरडले नव्हते, तुझ्या दादासमोरसुद्धा नाही. तुला ऐकू आलं नाही, तुझं तोंड पिनांनी भरलेलं होतं आणि तू माझ्या टाळूकडे बघत होतीस. पण तुझे हात थांबले. तू तळवा मानेवर ठेवलास आणि तशीच थांबलीस, आतलं सगळं शांत होईपर्यंत. मग पुन्हा सुरू केलंस, वेगळ्या बाजूने.

डॉक्टरणीने विचारलं, "यांना ऐकू येत नाही ना?" मी म्हटलं, "नाही." "मग या थांबल्या कशा?"

मी म्हटलं, "तिचा हात माझ्या मानेवर आहे, बाई. तुमच्यापैकी कुणी लावून बघितला नाही."

वेणी संपेपर्यंत ती बसून बघत होती. मग उठून माझ्यामागे आली, तू सरकलीस तिथे उभी राहिली आणि पहिल्यांदा मानेला हात लावला. बोटं थंड होती. कुठे, किती, कधीपासून, सगळं विचारलं. मग विचारलं, "रोज वेणी कोण घालतं?" मी म्हटलं, "कुणी नाही. ही येते तेव्हा असते, एरवी नसते." ते तिने लिहून घेतलं.

आज पाकीट आलं. मंजूर.

मला वाटलं होतं नाचावंसं वाटेल. पाकीट मी दुकानातल्या आरशाला टेकवून ठेवलं आणि त्याच्यासमोर उभी राहून येतील तेवढ्या शिव्या दिल्या. घरमालकाचा माणूस टेप घेऊन पुन्हा आला होता, त्याने दारातूनच पोबारा केला. खोल्या माझ्याच राहणार, हे त्याला मागून हाक मारून सांगितलं. राग मात्र गेलेला नाही आणि मी तो घालवणारही नाही.

एक काम आहे तुझ्याकडे. तू घातलेली वेणी अजून तशीच आहे. खालचा भाग खांद्यावरून पुढे घेऊन सोडवला. टाळूवरचा सुटत नाही, तिथवर हात जात नाही. खाज सुटते, उशीवर घासून घासून त्याचा गोळा झालाय. शेजारीण सोडून देईन म्हणाली, मी नको म्हटलं. तू ये आणि सोड.

तुझी,
वहिनी